बिनसाखरेचा उन्हाळा

आमच्या गावात खोटं कुणी बोलत नाही. खरं बोलण्याचीही फारशी पद्धत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या या भागात शंभरएक वर्षांपूर्वी जी जर्मन कॅथलिक कुटुंबं येऊन राहिली, त्यांनी शेतीबरोबर ही रीतही रुजवली आणि दोन्ही पिकं अजून जोमात आहेत. कुणाच्या घरी जेवायला गेलात आणि कोंबडी आतून कच्ची निघाली, तर म्हणायचं, "वा, वेगळीच झालीय." यजमानीणबाईला काय ते कळतं आणि पाहुण्यांना पोटदुखीखेरीज काही त्रास होत नाही. आमच्यात "वेगळं" याच्यापलीकडे शिवी नाही.

हे आधी सांगितलं नाही तर पुढचं सगळं खोटं वाटेल, म्हणून सांगितलं.

आमची बेर्नाडिन तेव्हा दुसरीत होती आणि कुणाशी बोलत नसे. घरात बोलायची, पण पोस्टात तिकीट मागायला पाठवलं तर खिडकीपाशी जाऊन नुसती उभी राहायची. पोस्टमास्तर बिचारे शेवटी अंदाजाने एखादं तिकीट देत. शाळेतल्या सिस्टर म्हणत, मुलगी हुशार आहे, फक्त आवाज घरी विसरून येते. मी स्वतः हळू बोलणारी, त्यामुळे दोष कुणाच्या रक्ताचा यावर घरात चर्चा होत नसे. मी रोज जपमाळेचा एक मणी तिच्या नावाने जास्त धरत असे, एवढंच.

अशा मुलीने जूनमधल्या एका सकाळी नाश्त्याला सांगितलं की ती सरबताचं दुकान काढणार आहे. माझा नवरा लिअँडर थेलेन गावच्या लोणी कारखान्यात व्यवस्थापक होता. त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि धंद्याच्या दोन गोष्टी सांगितल्या. माल महाग असेल तर जपून वापरायचा, आणि मालकाने आपला माल स्वतः पिऊन टाकायचा नाही. बेर्नाडिनने दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या. मी म्हटलं, लिंबं मी आणून देते, बाकी तुझं तू बघ. मला वाटलं होतं, तासाभरात टेबल घरात परत येईल.

पत्ते खेळायचं घडीचं टेबल तिने चर्चसमोरच्या मेपलच्या झाडाखाली मांडलं. जागा निवडण्यात ती बापावर गेली होती. सकाळच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परतणारं गाव तिथूनच जातं, दुपारी टपाल आणायला जाणारंही तिथूनच.

पहिलं गिऱ्हाईक आमच्या शेजारीण ओटिलिया श्विंगहॅमर. ओटिलियाबाईंना गावातली कुठलीही गोष्ट दुसऱ्याने आधी केलेली चालत नाही. त्यांनी नाणं ठेवलं, पेला उचलला, एक घोट घेतला आणि काही वेळ चर्चच्या मनोऱ्याकडे पाहत राहिल्या. मी समोर चर्चच्या पायऱ्यांवर उभी होते. मला वाटलं, प्रार्थना करताहेत.

"वेगळंच आहे," त्या म्हणाल्या.

मला ते ऐकू आलं असतं तर कदाचित ही गोष्ट तिथेच संपली असती. पण मी रस्त्याच्या या बाजूला होते आणि मला एवढंच दिसलं की ओटिलियाबाईंनी पेला रिकामा केला आणि बेर्नाडिन त्यांच्याशी बोलली. आपणहून बोलली. मी पायऱ्यांवरच क्रूसाची खूण केली.

सरबतात साखर नव्हती. हे मला कळायला ऑगस्ट उजाडला. तोपर्यंत गावातल्या प्रत्येक माणसाला ते माहीत होतं आणि प्रत्येकाने ते पोटात ठेवलं होतं, सरबतासकट. मी स्वतः चाखलं नव्हतं, कारण त्या वर्षी मी गोड सोडलं होतं. कशासाठी ते सांगत नाही. माझी आई म्हणे, नवस सांगितला की अर्धा फिटतो आणि अर्धाच फळतो. मी गोड खात नाही एवढं मात्र गावाला ठाऊक होतं, कारण चर्चच्या कॉफीला वड्यांचं ताट माझ्यापाशी आलं की मी पुढे सरकवत असे, आणि आमच्या गावात ताटावर लक्ष ठेवणाऱ्या बायका पुष्कळ. बेर्नाडिन रोज एक पेला माझ्यापुढे धरायची. मी रोज म्हणायची, "मला नको गं बाळा, तू वीक." ती पेला परत घेऊन जायची.

आता सरबत आंबट आहे हे सांगायचं नाही, पण काहीतरी तर सांगायला हवं. माणसाचा स्वभावच तसा. म्हणून गावाने सल्ले द्यायला सुरुवात केली. साखर सोडून बाकी सगळ्या गोष्टींचे.

ओटिलियाबाईंचं मत पडलं की उन्हामुळे सरबताचा रंग उडतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या अंगणातली मोठी पट्ट्यापट्ट्यांची छत्री आणून टेबलाशेजारी रोवली. एल्मर फानेनस्टाइन म्हणाले की अडचण बर्फाची आहे. सरबत पुरेसं गार असलं की माणसाला दुसरं काही जाणवत नाही. एल्मर आजोबांचं पूर्वी लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि आता ते गावसभेचे अध्यक्ष होते, म्हणजे दोन्ही परींनी त्यांच्याकडे मोकळा वेळ होता. त्यांनी तळघरातून बर्फाची जुनी पत्र्याची पेटी काढली आणि सोबत एक पाटीही रंगवून आणली. पाटी टेबलापेक्षा लांब होती. मग कुणीतरी म्हणालं की सरबताबरोबर तोंडात टाकायला काहीतरी असावं. ही सूचना मात्र मनापासून होती. ओटिलियाबाई रोज सकाळी रूबार्बच्या वड्या करून पाठवू लागल्या. रूबार्बचे देठ मुळात आंबट, त्यामुळे त्या वड्यांत साखर ओतताना हात आखडत नसत. लोक सरबत एका दमात संपवून वडीवर तुटून पडत. मी लांबून पाहायची आणि मला वाटायचं, काय बाई चव असेल पोरीच्या हाताला.

एकदा घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घेतलं नाही, तर ते बोलून दाखवल्यासारखंच झालं असतं. म्हणून सगळे रोज घेत. नवऱ्याने घेतलं आणि बायकोने नाही घेतलं, तरी पंचाईत. त्यामुळे घरंच्या घरं येत. लिअँडर संध्याकाळी कारखान्यातून येताना एक पेला पिऊन यायचा आणि आल्याआल्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दूध प्यायचा. दूध-लोण्याच्या धंद्यातला माणूस, मी काही विचारलं नाही.

मिस्सेनंतर बायका माझा हात हातात घेऊ लागल्या. एक जण म्हणाली, "हिल्डा, तुझ्यासारखं आमच्याच्याने नाही हो होणार." दुसरी म्हणाली की लहान वयात वळण लावलं की पुढे जड जात नाही. मला वाटलं, माझ्या रोजच्या जपमाळेचं कुठेतरी कौतुक चाललंय. मी मान खाली घालून म्हटलं, देवाची कृपा. नम्रतेचं पाप नावाचं काही असेल, तर ते मी त्या महिन्यात भरपूर केलं.

मग ह्युबर्ट आला. ह्युबर्ट गावकचेरीतला कारकून. अतिशय सज्जन आणि त्यामुळे अतिशय त्रासदायक. एका सकाळी तो मोजपट्टी घेऊन मेपलखाली आला, आधी पेला घेतला, डोळे मिटून संपवला आणि मग मला बोलावून सांगितलं की मुलाने टेबल मांडलं तर ती करमणूक, पण टेबलावर छप्पर, छपरावर पाटी आणि पाटीखाली खाद्यपदार्थ आले की नियमाने ती खानावळ होते. खानावळ म्हटली की वाहतं पाणी हवं, गिऱ्हाइकांना स्वच्छतागृह हवं आणि दोन वाहनं लावायला जागा हवी. मी म्हटलं, ह्युबर्ट, गिऱ्हाइकं समोरच्या चर्चमधून चालत येतात. तो म्हणाला, मला समजतंय हो ताई, पण नियमाला नाही समजत. मी म्हटलं, मग छत्री काढून घेते. त्याने घाबरून ओटिलियाबाईंच्या घराकडे पाहिलं. छत्री त्यांची होती. छत्री काढा म्हणणं म्हणजे ओटिलियाबाईंना काढा म्हणणं.

तेव्हा प्रकरण गावसभेपुढे गेलं. अर्जदाराने जातीने हजर राहावं असा नियम निघाला. पोस्टाच्या खिडकीपुढे मुकी होणारी मुलगी सभेत काय बोलणार? मी त्या दिवशी जपमाळ दोनदा फिरवली. बेर्नाडिन मात्र रविवारचा झगा घालून, सरबताची बादली घेऊन गेली, सभासदांपुढे एकेक पेला ठेवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी मेपलखाली सरबत विकते. मला पुढेही विकायचंय. आधी पिऊन बघा."

सभासद प्यायले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. एल्मर आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी वात्सल्याचं समजले. परवानगी नाकारली तर चव आवडली नाही असा अर्थ निघाला असता, म्हणून ती एकमताने मंजूर झाली. खानावळीचा नियम चर्चच्या नळावर आणि चर्चच्या स्वच्छतागृहावर भागवण्यात आला. इथे थांबलं असतं तरी बरं होतं. पण शांतता फार लांबली की आमच्याकडे कुणालातरी ती भरून काढावी लागते. एल्मर आजोबांनी ती भरली. म्हणाले, यंदा ऑगस्टच्या जत्रेतलं सरबतही बेर्नाडिननेच करावं.

चर्चची जत्रा म्हणजे आमच्या गावाचं वर्षभराचं नाक. कोंबडीचं जेवण, गोधड्यांचा लिलाव, शेजारच्या चार गावांतली माणसं. एल्मर आजोबांच्या तोंडून वाक्य निघून गेलं आणि ते त्यांना परत आत घेता येईना. विरोध करायला एखादं कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण तर एकच होतं. सूचना पास झाली. घरी जाताना बेर्नाडिन बादली झुलवत माझ्यापुढे धावत होती आणि दिसेल त्याला हाक मारत होती. त्या संध्याकाळी मला दुसरं काही नको होतं.

जत्रेच्या आठवड्यात फादर ओडिलो आमच्या घरी आले. एका हातात रुमालाने झाकलेला पेला होता. बसले, हवेबद्दल बोलले, मक्याबद्दल बोलले. मग म्हणाले की चर्चच्या फाटकाशी त्यांनी लावलेली पेटूनियाची फुलं मेपलच्या बाजूची तेवढी जळून गेली आहेत. बरेच दिवस कारण कळेना. लोक हल्ली पेला हातात घेऊन फुलं बघायला फार येतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. काल एल्मर फुलं बघताना सापडला.

मला अजूनही काही उमगलं नव्हतं. मी म्हटलं, फादर, मी नवी रोपं आणून देते.

"रोपांचं नाही गं हिल्डा," ते म्हणाले. "व्रत बुटासारखं असतं. आपल्या मापाचं. दुसऱ्याच्या पायात घातलं की चावतं."

"मी कुणाच्या पायात घातलं, फादर?"

त्यांनी रुमाल काढून पेला पुढे सरकवला. "चाख."

"मला गोड चालत नाही."

"तुझ्या व्रताला धक्का लागणार नाही," फादर म्हणाले. "त्याची हमी मी देतो."

मी चाखलं. माझा डावा डोळा आपोआप मिटला, तो फादर जाईपर्यंत नीट उघडला नाही. त्या एका घोटात मला सगळा उन्हाळा कळला. ओटिलियाबाई मनोऱ्याकडे का पाहत होत्या, लिअँडर दूध का पीत होता, बायका माझा हात का धरत होत्या. सगळ्या गावाला वाटत होतं की थेलेनबाईंनी स्वतः गोड सोडलं आणि आता पोरीकडून गावाचंही सोडवताहेत. आणि एवढे दिवस मी "देवाची कृपा" म्हणत होते.

लिअँडरला विचारलं, तर त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला का नाही बोललास, म्हटलं. तो म्हणाला, "मला वाटलं तुझ्या व्रतातलं काहीतरी आहे. त्यात मी कशाला पडू?" चौदा वर्षांचा संसार आणि हा माणूस आंबट पाणी पिऊन माझ्या धर्माचा मान राखत होता. रागवायचं की रडायचं ते मला ठरवता येईना, म्हणून मी भांडी घासली.

खरा प्रश्न माझ्या अब्रूचा नव्हताच. रविवारी शेजारच्या गावांतली माणसं येणार होती, आणि त्यांच्यात आयरिश लोकही होते, जे मनात येईल ते बोलून मोकळे होतात. कुणीतरी पहिल्या घोटाला थुंकून सांगितलं असतं, आणि बेर्नाडिनला एका क्षणात कळलं असतं की अख्खं गाव तिच्या तोंडावर गोड हसून मागे पेटूनियाला पाजत होतं. नुकता सापडलेला आवाज पुन्हा गेला असता, आणि या खेपेला कायमचा.

मी ठरवलं की तिला कळू न देता साखर घालावी. घरी एक भांडं करून पाहिलं. पण किती घालायची? मला चाखता येईना. लिअँडरला दिलं, तो म्हणाला, छान. मी मुद्दाम साखरेशिवायचं दिलं, तो म्हणाला, छान. ओटिलियाबाईंना बोलावलं. त्यांनी दोन्ही पेले संपवले आणि म्हणाल्या की दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत. एक खरी जीभ शोधायला निघाले, तर गावात एकही मिळेना. जी होती ती माझी, आणि ती देवाकडे गहाण.

शेवटी शनिवारी दुपारी मी बेर्नाडिनशेजारी मागच्या पायरीवर बसले. आम्ही दोघी लिंबं पिळत होतो. मला इतकं हळू बोलायला झालं की तिला दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

"बर्नी, तू सरबतात साखर का घालत नाहीस?"

"साखर आहे की," ती म्हणाली. "टेबलाखाली, बरणीत. चमचाही आहे. ज्याला हवी त्याने मागायची."

"आणि आधीच का नाही घालायची?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं सिस्टर तिच्याकडे पाहत असतील. "मग तू कशी पिणार? तुला गोड चालत नाही ना. दुकान काढलं तेव्हाच ठरवलं होतं की तुला पिता आलं पाहिजे. पण तू रोज नको म्हणतेस."

मी लिंबू खाली ठेवलं. गाव म्हणत होतं ते खरं होतं तर. पोरीने माझ्या व्रतापायीच गावाचं तोंड आंबट केलं होतं.

"आणि बाकीच्यांनी साखर मागितली नाही?"

"कुणीच नाही," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "मला आधी नवल वाटलं. मग कळलं. तुझं बघून सगळ्यांनीच गोड सोडलंय. एल्मर आजोबांनीसुद्धा. आई, त्यांना तर किती जड जात असेल."

खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी एवढंच म्हटलं की उद्या बाहेरगावची माणसं येतील, त्यांच्यासाठी बरणी टेबलावर ठेवू या. तिला ते पटलं. बाहेरच्यांना काय माहीत, ती म्हणाली.

रविवारी काचेची बरणी छत्रीखाली, सगळ्यांच्या नजरेसमोर. पहिला आला तो शेजारच्या गावचा एक दांडगा आयरिश शेतकरी. त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, काही न बोलता बरणी उघडली, तीन चमचे टाकले, ढवळलं आणि ढेकर देऊन गेला. बस, एवढंच. मी सबंध आठवडा ज्याला भीत होते, ते असं होऊन गेलं.

त्याच्यामागे आमचं गाव रांगेत उभं होतं. सगळ्यांचे डोळे बरणीवर. पण हात कुणाचा पुढे येईना. आज साखर घेतली तर एवढ्या दिवसांचं काय? ओटिलियाबाई पेला धरून उभ्या होत्या आणि मनोऱ्याकडे बघायच्या तयारीत होत्या. आमच्यात काहीही आपणहून घेत नाहीत. यजमानाने तीनदा म्हणावं लागतं.

"ओटिलियाबाई, साखर घ्या," मी म्हटलं.

"नको गं, असंच बरं आहे."

"थोडी घ्या."

"कशाला उगीच? इतकी सवय झालीय आता."

"माझ्यासाठी घ्या," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"तू म्हणतेस म्हणून हां," ओटिलियाबाई म्हणाल्या आणि चमचा असा बुडवला की बरणीत खड्डा पडला. पाठोपाठ ह्युबर्ट, पाठोपाठ एल्मर आजोबा. प्रत्येक जण "तुम्ही म्हणता म्हणून" म्हणत होता. मी कुणालाच काही म्हणत नव्हते. लिअँडरने तर दोनदा घेतली आणि माझी नजर चुकवून तिसऱ्यांदाही. फादर ओडिलो पेटूनियापाशी उभे राहून हसत होते.

बेर्नाडिन टेबलामागून हे सगळं बघत होती. बरणी अर्ध्यावर आली तशी तिच्या कपाळाला आठी पडली. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, सगळ्यांचं व्रत एकदमच सुटलं?"

एल्मर आजोबांचा चमचा पेल्यात थांबला. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं.

"आज रविवार आहे," मी म्हटलं.

ते खरंच होतं. रविवारी उपास धरत नाहीत, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासातसुद्धा. तिने विचार केला, आणि तिला ते पटलं. रांगेतून सुटकेचा श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "तूही घे ना आज साखर."

माझा नवस रविवार मानत नव्हता. मी म्हटलं, "मला तसंच दे."

तिने बादलीतून पेला भरला, काठोकाठ, दोन्ही हातांनी धरून मला दिला आणि मी पितेय की नाही ते बघत उभी राहिली. मी सगळा प्यायले. या खेपेला दोन्ही डोळे मिटले.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"आंबट आहे गं," मी म्हटलं.

तिचं हसू कानापर्यंत पोचलं. "मग बरोबर जमलंय," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला पेला घेऊन पुन्हा भरायला गेली.